पक्ष्यांच्या शिकारीसाठी पिल्लू घडवताना : पहिले आठ महिने

तांबू साडेचार महिन्यांचा असताना मी त्याला पहिल्यांदा बंदुकीचा बार ऐकवला. विझला जातीचा, तांबूस रंगाचा, अंगात नुसती वीज. 'शिकारी कुत्रा आहे, आवाजाची सवय लवकर लागलेली बरी,' असं मला एकाने सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं. तो माझ्यापासून दहा पावलांवर गवतात काहीतरी हुंगत होता. बार झाला. तो भुंकला नाही, पळालाही नाही. शेपूट पोटाखाली घेऊन जमिनीला चिकटला आणि मग गाडीच्या दिशेने सरपटत निघाला. मी गाडीपाशी पोचले तेव्हा तो मागच्या चाकाआड बसला होता आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

पुढे तो बरीच वर्षं आमच्याकडे होता. घरातला अतिशय लाडका कुत्रा. पण बंदुकीची पिशवी कपाटातून निघाली की तो पलंगाखाली जायचा, आणि दार आपटलं तरी थरथरायचा. नाक त्याचं उत्तम होतं. ते मी वाया घालवलं.

नंतर झिपरी आली, इंग्लिश सेटर. तिच्या वेळी मी क्रम उलटा केला. आधी माणूस, मग जग, मग पक्षी आणि सगळ्यात शेवटी बंदूक. हा लेख त्या क्रमाचा आहे. पिल्लू आठ आठवड्यांचं घरी येतं तिथपासून ते साधारण आठ महिन्यांचं होईपर्यंत काय करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, एवढंच यात आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. शिकारीचे कायदे देशागणिक वेगळे आहेत. कुठे परवाना आणि ठरलेला हंगाम असतो, कुठे शिकार पूर्ण बंद असते, कुठे सरावासाठी जिवंत पक्षी वापरायलाही मनाई असते. तुमच्याकडे बंदी असेल तर तिथे विषय संपला. पण या जातींच्या कुत्र्यांच्या नाकाला आणि पायांना काम हे लागतंच, आणि डमी (म्हणजे फेकून आणायला लावायची खोटी शिकार), वास व शिट्टी यांच्या जोरावर यातला बराचसा भाग कुणालाही करता येतो.

१. पिल्लू कोणत्या कामाचं आहे ते ओळखा

पक्ष्यांवर काम करणाऱ्या कुत्र्यांचे ढोबळ तीन गट. पॉइंटर, सेटर, ब्रिटनी, विझला, जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर हे पक्ष्याचा वास आला की जागच्या जागी रोखून उभे राहतात. स्प्रिंगर आणि कॉकर स्पॅनियल झुडपात घुसून पक्षी उठवतात, तेही बंदुकीच्या टप्प्यात. लॅब्राडोर, गोल्डन रिट्रीव्हर हे शांत बसून राहतात आणि टिपलेला पक्षी शोधून हातात आणून देतात.

हे आधी सांगायचं कारण असं की एकाचं शिक्षण दुसऱ्याला मारक ठरतं. सेटरच्या पिल्लाला सुरुवातीलाच सतत 'बस' शिकवलं तर पुढे पक्ष्यासमोर रोखून उभं राहण्याऐवजी गोंधळून ते खाली बसतं. उलट, लॅब्राडोरच्या पिल्लाला उठलेल्या पक्ष्यामागे मनसोक्त धावू दिलं तर ते शांत बसायला शिकवताना तुमचं वर्ष जातं. म्हणून दुसऱ्या गटाच्या कुत्र्याबद्दल मिळालेला सल्ला आपल्या पिल्लावर जसाच्या तसा वापरू नका.

२. कागद आणि सामान

पिल्लू घेताना पैदास करणाऱ्याकडून हे मागून घ्या:

– लसीकरणाचं आणि जंत काढल्याच्या औषधांचं कार्ड, तारखांसह
– वंशावळीचा नोंदणी कागद
– आई-वडिलांच्या खुब्याच्या आणि कोपराच्या एक्स-रेचे अहवाल, आणि डोळ्यांच्या तपासणीचे
– मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक आणि तो आपल्या नावावर झाल्याचा पुरावा
– शक्य असेल तर आईला काम करताना बघायची एक संधी. हा कागद नव्हे, पण सगळ्या कागदांपेक्षा यातून जास्त कळतं

बंदुकीचा आणि शिकारीचा परवाना हे तुमचे स्वतःचे कागद. ते नंतर लागतील, पण अर्ज आत्ताच करून ठेवा.

सामान फार नाही. दारवाला पिंजरा, म्हणजे क्रेट. साधा चपटा पट्टा. ५ ते १० मीटरची हलकी लांब दोरी, जिच्या टोकाला गाठ नसेल. गाठ असली की ती झुडपात अडकते आणि पिल्लाच्या मानेला हिसका बसतो. दोन-तीन कापडी छोट्या डमी. गुंडाळलेला मोजाही चालतो. आणि शिट्टी. ॲक्मी या कंपनीच्या शिट्ट्यांवर सुराचा क्रमांक असतो. स्पॅनियलवाले बहुधा २१०.५ वापरतात, लॅब्राडोरवाले २११.५. कोणतीही घ्या, पण क्रमांक लिहून ठेवा आणि एकाच क्रमांकाच्या दोन घ्या. शिट्टी गवतात हरवली तर दुसरी त्याच सुराची हवी.

गळ्यात बसवायचा, विजेचा झटका देणारा पट्टा या यादीत मुद्दाम नाही. पिल्लाच्या वयात तो कोणत्याही कारणाने नको. वेल्समध्ये तर २०१० पासून कोणत्याही कुत्र्यावर तो वापरायला बंदी आहे.

३. पहिले दोन आठवडे : फक्त घर

पिल्लू आईला आणि भावंडांना सोडून आलेलं असतं. त्यात आठव्या ते दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमाराला पिल्लांचा एक भित्रा काळ असतो. तेव्हा बसलेली धास्ती खोलवर रुतते. म्हणून या दिवसांत तुमचं काम एकच. पिल्लाला तुमचा आधार वाटला पाहिजे.

क्रेट तुम्ही झोपता त्याच खोलीत ठेवा. जेवणाचं भांडं आत सरकवा, दार उघडंच राहू द्या, दोन-तीन दिवसांनी जेवता जेवता अलगद लोटा. दोन महिन्यांचं पिल्लू दोन-तीन तासांपेक्षा जास्त वेळ लघवी धरू शकत नाही, त्यामुळे रात्री किमान एकदा उठावं लागणारच. झोपेतून उठलं, खाल्लं, खेळलं, की लगेच बाहेर. त्याने घरात केली तर पुसून टाका आणि गप्प बसा. ओरडलात तर ते एवढंच शिकतं की तुमच्या समोर करायची नाही. मग बाहेरही तुमच्यासमोर करत नाही.

याच दिवसांत 'थांब'चा पाया घालता येतो, शिकवतो आहोत असं न दाखवता. जेवणाचं भांडं खाली नेताना पिल्लाच्या छातीवर तळहात टेकवा, 'थांब' म्हणा, एक सेकंद मोजा आणि हात काढा. दुसऱ्या आठवड्यात तीन सेकंद. झिपरी तीन महिन्यांची झाली तेव्हा हात न लावता चारही पायांवर उभी राहून भांड्याकडे टक लावून बघायची. पुढे हाच 'थांब' पक्ष्यासमोर कामाला आला.

४. शब्द ठरवा, आणि घरातल्या सगळ्यांचे एकच असू द्या

याकडे फार कमी लोक लक्ष देतात. कुत्र्याला अर्थ कळत नाही, आवाज कळतो. आपल्या भाषेत छोट्या आज्ञा एकमेकींसारख्या ऐकू येतात. 'ये' आणि 'दे' वाऱ्यावर वीस पावलांवरून सारखेच. 'बस' आणि 'बास' तर घरातल्या घरातही सारखे. आमच्याकडे खेळ थांबवायला सगळे 'बास, बास' म्हणायचे आणि तांबू प्रत्येक वेळी खाली बसायचा. आम्हाला वाटायचं किती शहाणा. पुढे त्याला 'बस' आणि 'बास' यांतलं काहीच धड कळेनासं झालं.

मी शेवटी ठरवलेले शब्द असे: येण्यासाठी 'ये', उभं राहण्यासाठी 'थांब', शोधायला 'हुडक', आणायला 'आण', तोंडातलं द्यायला 'सोड', खेळ संपला हे सांगायला 'झालं'. 'नको' शक्यतो वापरतच नाही. पिल्लाचं नाव दोन-तीन अक्षरांचं असावं आणि यांतल्या कोणत्याही शब्दाशी यमक जुळू नये.

यादी कागदावर लिहून फ्रिजवर लावा. आजोबांनी 'इकडे ये रे बाळा', मुलीने 'कम', आणि तुम्ही 'ये' म्हणायचं असं चाललं तर पिल्लू तिन्हींकडे दुर्लक्ष करायला शिकतं.

५. हाक मारली की येणं

शिकारीच्या कुत्र्याला दुसरं काही आलं नाही तरी हे आलं पाहिजे. रस्ता, काटेरी कुंपण, साप, दुसऱ्याची बंदूक, या सगळ्यांपासून पिल्लाला वाचवणारी हीच एक गोष्ट आहे.

सुरुवात जेवणापासून. कुणीतरी पिल्लाला धरून ठेवा, तुम्ही भांडं घेऊन दहा पावलांवर जा, खाली बसा, 'ये' म्हणा आणि शिट्टीचे तीन-चार छोटे फुंकार द्या. पिल्लू धावत येतं. रोज दोन-तीन जेवणं म्हणजे रोज दोन-तीन धडे, तेही फुकटात. आठवडाभराने दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून. लांब शिट्टी म्हणजे थांब, छोटे फुंकार म्हणजे ये, हा फरक पहिल्या दिवसापासून पाळा.

सापळे तीन आहेत. एक, पिल्लू येणारच नाही अशा क्षणी हाक मारणं. ते फुलपाखरामागे लागलंय, तुम्ही पाच वेळा 'ये' म्हणालात, तर पाच वेळा शिकवलंत की 'ये'ला अर्थ नाही. अशा वेळी गप्प राहा, उलट दिशेला पळत सुटा. पिल्लाच्या पोटात गोळा येतो आणि ते मागे येतं. ते वळलं की मग शिट्टी द्या. दोन, आलेल्या पिल्लाला रागावणं. ते अर्ध्या तासाने आलं तरी शाबासकीच. तीन, दर वेळी बोलावून पट्टा अडकवणं आणि घरी नेणं. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा पाठ थोपटून परत मोकळं सोडा.

तीन महिन्यांनंतर लांब दोरी लावून हेच मोकळ्या जागेत. दोरी ओढण्यासाठी नाही. ती जमिनीवर घसरत राहू दे. पिल्लू येईनासं झालं तर तिच्यावर पाय ठेवता यावा एवढ्यासाठीच ती आहे.

एका वेळचा सराव पाच मिनिटांचा. पिल्लाला आणखी हवं असतानाच 'झालं' म्हणा.

६. जग दाखवा

जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत पिल्लांची वर्षानुवर्षं निरीक्षणं केली. त्यांनी १९६५ मध्ये मांडलेला निष्कर्ष आजही धरला जातो: साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, ऐकतं, ज्यावर चालतं, ते त्याला पुढे आपलं वाटतं. नंतर आलेली नवी गोष्ट आधी संशयाची असते.

अडचण अशी की लसींचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याला किंवा त्यानंतर असतो. म्हणजे जग आपलंसं करायची ही मुदत संपते तोवर पिल्लू पुरतं सुरक्षित झालेलं नसतं, आणि पार्व्हो हा पिल्लांचा जीव घेणारा विषाणू जमिनीतून येतो, महिनोन्महिने तिथे टिकतो. म्हणून पिल्लाला घरात कोंडूही नका आणि अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी खालीही सोडू नका. उचलून न्या. मांडीवर घेऊन रस्त्याकडेला बसा. लस झालेल्या ओळखीच्या मोठ्या कुत्र्यांशी भेटवा. आपल्या आवारात वेगवेगळे थर पसरा: प्लॅस्टिक, पत्रा, वाळू, ओलं गवत, लाकडी फळी. पावसाळी बूट, टोपी, छत्री, काठी टेकत चालणारं माणूस, सायकल, मेंढ्या. आणि गाडी: प्रवासात उलट्या करणारं पिल्लू शिकारीच्या जागी पोचेपर्यंतच गळून जातं, म्हणून आधी बंद गाडीत बसवून खाऊ घाला, मग पाच मिनिटांची फेरी.

आवाजांची सवयही इथेच सुरू होते. जेवताना दुसऱ्या खोलीत पातेलं खाली ठेवा, टाळी वाजवा, हळू. पिल्लाने कान टवकारले आणि परत खाऊ लागलं तर ठीक. खाणं सोडून बघत राहिलं तर आवाज जास्त झाला किंवा जवळून झाला. उद्या अर्धा करा. हे बंदुकीचं शिक्षण नव्हे. आवाज आला तरी काही वाईट घडत नाही, एवढंच त्याला कळू दे.

७. 'आण'

घरातला अरुंद बोळ शोधा. दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारं लावून घ्या आणि पिल्लाच्या अंथरुणाच्या बाजूला जमिनीवर बसा. मोज्याची गुंडाळी चार पावलं फेका. पिल्लू ती उचलतं आणि आपल्या अंथरुणाकडे पळायला निघतं, आणि वाटेत तुम्ही आहात. हात पुढे करू नका. ते अंगावर चढलं की त्याच्या पाठीवरून, कानांमागून हात फिरवा आणि मोजा त्याच्याच तोंडात राहू द्या. दहा-पंधरा सेकंद. मग अलगद 'सोड' म्हणून घ्या.

बहुतेकांची चूक इथे होते: पिल्लू आलं की आपण आधी वस्तू हिसकावतो. दोन-तीन दिवसांत ते शिकतं की माणसाजवळ गेलं की शिकार जाते, आणि मग हातभर अंतरावर गोल गोल फिरत राहतं. पिल्लाला आधी त्याच्या कमाईचं कौतुक हवं असतं.

दिवसाला तीन फेक. चौथी नाही, पिल्लाने कितीही मागितली तरी नाही. ओढाताणीचा खेळ या वस्तूंवर कधीच नको. त्यातून पुढे पक्षी दाबून चावण्याची खोड लागते.

साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत पक्के येत राहतात. हिरड्या सुजतात, मोज्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. तेव्हा हा खेळ सरळ बंद ठेवा. झिपरीच्या वेळी मी पाच आठवडे एकही डमी फेकली नाही. 'आण' आणि दुखणं यांची गाठ पडली की ती सुटता सुटत नाही. डमी तोंडात घट्ट धरून ठेवायचं रीतसर शिक्षण सगळे पक्के दात आल्यानंतरचं आहे, ते या लेखाच्या बाहेर.

८. पक्षी

काठीला दोरी, दोरीला पंख, आणि त्यासमोर रोखून उभं राहिलेलं इवलंसं पिल्लू. हे दृश्य इतकं गोड असतं की लोक महिनाभर तेच करत राहतात. दोनदा-तीनदा करा, फोटो काढा आणि पंख ठेवून द्या. तिथे पिल्लू डोळ्यांनी काम करत असतं. डोळ्यांनी रोखायची सवय लागली की बाहेर ते चिमण्या बघत फिरतं आणि नाक विसरतं.

नाकाला काम द्या. त्याच पंखाने जमिनीवर दहा-बारा पावलांची ओळ ओढा, शेवटी तो गवतात लपवा आणि पिल्लाला 'हुडक' म्हणून सोडा. पहिल्या वेळी ओळ सरळ, नंतर एक वळण. पिल्लाची शेपूट बघा. नुसतं फिरताना ती डौलात हलत असते. वास सापडला की तिची लय बदलते, फिरकी लहान आणि जलद होते, श्वास फुरफुरायला लागतो. तुम्हाला वाचायचं आहे ते हे.

आणणाऱ्या जातींना पाच-सहा महिन्यांच्या सुमारास, दातांचं दुखणं सरलं की, थंड, कोरडा, न फाटलेला मेलेला पक्षी दाखवा. कबुतराची पिसं सैल असतात. ती जिभेला आणि टाळूला चिकटतात आणि पिल्लू शिसारी येऊन थुंकून देतं. म्हणून पहिल्यांदा पक्ष्यावर जुना लांब मोजा चढवा, डोकं आणि शेपूट तेवढी बाहेर. पिल्लाने हुंगून सोडून दिलं तर आग्रह करू नका. पक्षी थोडा हलवा, दोन पावलं सरकवा, नाहीतर उद्यावर टाका. जखमी, फडफडणारा पक्षी पिल्लासमोर कधीच टाकू नका. पंखाचा एक फटका किंवा चोचीचा एक टोचा पुरतो, शिवाय त्या पक्ष्याचेही हाल.

रोखणाऱ्या जातींचं वेगळं. त्यांना हवा धडधाकट, जोरात उडणारा पक्षी. पिल्लाला वास लागला, ते थबकलं, पुढे सरकलं, पक्षी भुर्रकन उठून गेला. पिल्लू मागे धावलं तर पहिल्या पाच-सहा वेळा धावू दे. ओरडू नका, शिट्टी देऊ नका, दोरी खेचू नका. ते दमून परत येतं आणि हळूहळू त्याला कळतं की जवळ गेलं की पक्षी उडतो, थांबलं की तो राहतो. हे त्याला पक्ष्याने शिकवायचं असतं. पण उडता न येणारा पक्षी एकदा जरी त्याच्या तोंडात सापडला, तर थांबण्यापेक्षा झेप घेणं फायद्याचं हे ते कायमचं शिकतं.

९. वारा

पिल्लाला बाहेर सोडण्याआधी चिमूटभर सुकी माती हातातून सोडा आणि कुठे जाते ते बघा. सुरुवातीला नेहमी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चाला. पक्ष्याचा वास वाऱ्याबरोबर पसरत येतो. पक्ष्याजवळ तो बारीक असतो आणि लांब जाताना रुंद होतो. तुम्ही वाऱ्याला तोंड करून नागमोडी चाललात की पिल्लू तुमच्या पुढे डावी-उजवीकडे फिरायला लागतं आणि कुठल्यातरी एका वळणावर त्या पट्ट्याला छेद देतं. वळताना दोन छोट्या शिट्ट्या द्या आणि स्वतः वळा. आठवड्याभरात शिट्टीवर ते आधी वळतं, तुम्ही नंतर.

वारा पाठीमागून येत असताना पिल्लू पक्ष्यावर जाऊन आदळतं आणि आपण म्हणतो, याला नाकच नाही. चूक आपल्या चालण्याची असते.

वेळ सकाळची, दव असताना. भर दुपारी तापलेल्या कोरड्या जमिनीवर वास टिकत नाही आणि कुत्र्याला घाम येऊन थंड होता येत नाही. जीभ लांब-रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या, चाल अडखळली, की लगेच सावली आणि अंगावर पाणी. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असतं. ४१ च्या वर गेलं तर डॉक्टर गाठायला एक मिनिटही घालवू नका.

एक जपायचं: वर्ष-दीड वर्ष होईपर्यंत हाडांची टोकं पक्की झालेली नसतात. सायकलमागे पळवणं, उंच उड्या, तासन्‌तास डोंगर चढवणं नको. मोकळं सोडलेलं पिल्लू स्वतः दमतं तेव्हा बसतं, तेवढी धाव पुरे.

१०. पाणी

फेकू नका. एवढं पाळलं तरी खूप झालं. ऊबदार दिवस, उथळ उतरतं पाणी, बूट घालून तुम्हीच आत चाला. पिल्लू काठावर कुंईकुंई करेल, मग पाय ओले करेल, मग पोट. पोहणारा शांत मोठा कुत्रा सोबत असला तर काम लवकर होतं. थंड पाण्यात पहिली ओळख झालेली पिल्लं वर्षभर काठावर उभी राहतात.

११. घरी आल्यावर

दर वेळी, कितीही दमला असाल तरी, पायांच्या बोटांमधलं, कानांच्या आतलं, काखेतलं आणि डोळ्यांच्या कडेचं बोटांनी चाचपा. कुसळ कातडीत शिरलं की पुढेच सरकतं, मागे येत नाही. कानात गेलं तर पिल्लू मान वाकडी करून डोकं झटकत राहतं. गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. याचा आणखी एक फायदा म्हणजे पिल्लाला अंगभर हात लावून घ्यायची सवय होते आणि डॉक्टरांकडे झटापट होत नाही.

१२. बंदूक, सगळ्यात शेवटी

पिल्लू पक्ष्यासाठी वेडं होईपर्यंत बार करू नका. महिने मोजू नका, वेड बघा. गाडीचं दार उघडताच अंग कापायला लागतं, पक्षी उठला की जगाचं भान राहत नाही, असं झालं की मग. कुणाचं सहाव्या महिन्यात होतं, कुणाचं दहाव्यात. पिल्लाला नेमबाजीच्या मैदानावर 'सवय व्हावी' म्हणून नेऊन बांधून ठेवणं हा तर सर्वांत वाईट प्रकार. शॉटगनचा बार १४० डेसिबलच्या वर जातो आणि तिथे तो एकामागून एक होत असतो.

दोन माणसं लागतात. एक पिल्लाबरोबर, दुसरं कमीत कमी शंभर मीटरवर, हातात कोरी, म्हणजे गोळी नसलेली, नुसता आवाज करणारी काडतुसं झाडणारं लहान पिस्तूल, तोंड उलट दिशेला. पिल्लाने पक्षी उठवला, त्यामागे चार झेपा टाकल्या, की हात वर करून इशारा. एकच बार. तुम्ही पिल्लाकडे बघत राहा, बोलू नका, पुचकारू नका.

ते धावतच राहिलं तर छान. क्षणभर थांबून आवाजाकडे बघितलं आणि परत पक्ष्यामागे गेलं तरी ठीक, पण पुढच्या वेळी अंतर तेवढंच ठेवा. शेपूट खाली गेली, तुमच्याकडे आलं, किंवा गाडीकडे वळलं, तर दोन-तीन आठवडे बंदूक विसरा, नुसते पक्षी दाखवा आणि मग दुप्पट अंतरावरून सुरुवात करा. सगळं नीट जात असेल तर दर खेपेला थोडं थोडं जवळ, पिस्तुलानंतर हलकी शॉटगन, तीही पुन्हा लांबून.

झिपरी साडेसात महिन्यांची होती. सकाळचं गवत ओलं, वारा समोरून. ती एका झुडपाशी रोखून उभी राहिली, पुढचा डावा पाय उचललेला, शेपटीची झालर वाऱ्यावर. मी तिच्या बाजूने पुढे गेले, पक्षी उठला, ती सुटली आणि मी हात वर केला. बार लांबून पोकळ ऐकू आला. तिचा एक कान मागे वळला, एवढंच. ती पार कडेच्या झाडांपर्यंत धावत गेली, तिथे दोनदा गोल फिरली आणि जीभ बाहेर काढून माझ्याकडे परत आली. मी खाली बसून तिच्या कानांमागे हात फिरवत राहिले. त्या दिवशी दुसरा बार केला नाही.